भिंतीवरची रेघ

वाल्मीक भोयेला हरसूलकडे 'भिंत्या' म्हणत, आणि हे नाव ठेवलं शेजारच्या चिमाजीनं. लोक पोरींचे फोटो काढतात, हा बहाद्दर भिंतींचे काढतो. "सरकारी सर्वे असंल, घरं जाणार बरं का," अशी आवईही चिमाजीनंच उठवली होती. त्याचं तोंड कोण धरणार?

खरी गोष्ट निराळी होती. दोन हजार सहा साली वाल्मीक नाशकात द्वारका चौकाजवळ ललितच्या स्टुडिओत कामाला होता. परदेशातला कुणी गिऱ्हाईक कॉम्प्युटरवरच्या खेळात अख्खं गाव वसवत होता आणि त्या घरांना भिंती पुरवायच्या होत्या वाल्मीकनं. हातभर भिंतीचा फोटो घ्यायचा, चारी कडा अशा जुळवायच्या की फरशीसारखा शेजारी शेजारी लावत गेलं तरी सांधा दिसू नये. त्यात एक डाग राहिला तर तोच डाग शंभर ठिकाणी उमटतो. म्हणून डाग पुसायचे. वाल्मीकचा हात त्यात इतका बसला होता की डाग त्याला दिसायच्या आधीच पुसला जाई.

भिंत होती त्याच्या आईची, कुसाबाईची. कारवीच्या काड्यांचा कूड, वरून शेणमातीचा लेप. म्हातारी गावी एकटी राहायची, त्याच भिंतीला उशी लावून निजायची. दर महिन्याला वाल्मीक जाई, फोटो काढी. एकदा सहज बोलून गेला, "आई, ती तपकिरी रेघ फोटोत वाईट दिसते गं."

पुढं ललितनं मोठे फोटो मागितले. वाल्मीकनं न पुसलेले चार महिन्यांचे मूळ फोटो पहिल्यांदाच शेजारी शेजारी लावले. पहिल्यात रेघ उशीच्या उंचीला. दुसऱ्यात खिडकीपाशी. तिसऱ्यात थेट आढ्याला भिडलेली. चौथ्यात रेघच नव्हती.

"झकास. आयतीच साफ भिंत मिळाली की तुला," ललित म्हणाला.

चहा तसाच टाकून वाल्मीकनं त्र्यंबकवरून हरसूलला जाणारी जीप धरली.

कुसाबाई दारातच होती, कोपरापर्यंत शेणानं माखलेली. "बघ, आज परत चांगला जाड लेप दिलाय. आता एक रेघ नाय."

ओट्यावरून चिमाजी म्हणाला, "भिंत्या, आज कॅमेरा इसरला व्हय?"

वाल्मीकनं भिंतीवर टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. त्यानं बोट दाबलं, तर ते पेरापर्यंत आत गेलं. आत कारवी नव्हतीच. भुसा होता, आणि त्यात पांढरी वाळवी वळवळत होती. कूड पोकळ, आढं पेलणारी मधली मेढही पोकळ. उभा होता तो नुसता म्हातारीचा लेप.

"आई, बाहेर चल."

"बोट काढ आधी. भोक फोटूत येईल."

वर आढं कुरकुरलं. त्याच्या खांद्यावर भुरभुर माती पडली. म्हातारी ओल्या मातीचा गोळा घेऊन भोक बुजवायला वाकली होती. वाल्मीकनं तिचं मनगट धरलं आणि तिला दाराकडे ओढलं. ती मात्र मागं वळून त्या भोकाकडेच बघत होती.