सात मिनिटं मागे असलेला बाजार

तो गुरुवार मला अजूनही मिनिटामिनिटाने आठवतो. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. गुन्हा निकाली निघाला, पण त्यातली माणसं अजून याच शहरात राहतात.

माझे पती आमच्या ठाण्यात शिपाई होते. ते ड्यूटीवर असताना गेले आणि मला अनुकंपा तत्त्वावर तिथेच चतुर्थ श्रेणीत घेतलं. झाडलोट, चहापाणी, कागद इकडून तिकडे नेणं, आणि महिला आरोपी आणली की महिला शिपाई येईपर्यंत तिच्याजवळ बसणं. सगळे मला वहिनी म्हणत. मी फारशी बोलत नसे. पण ठाण्यात न बोलणाऱ्या माणसाच्या कानावर पुष्कळ पडतं.

एका शनिवारी साठीच्या आसपासच्या एक बाई आल्या. नारायण पेठेत राहणाऱ्या, नीटनेटक्या. ठाणे अंमलदारांच्या टेबलापर्यंत जाऊन तीन वेळा मागे फिरल्या. शेवटी मी त्यांना बाकावर बसवून पाणी दिलं, तेव्हा त्या हळूहळू बोलल्या. त्यांचे यजमान कारकून म्हणून निवृत्त झालेले. घराजवळच शेअर बाजाराचा एक वर्ग निघाला होता, तिथे ते रोज जात. निर्देशांकाच्या फ्युचर आणि ऑप्शनमध्ये, म्हणजे बाजार चढेल की पडेल यावरच्या सौद्यांत, दिवसाच्या दिवसात भाव कुठे वळणार, हे ओळखायला तिथले सर शिकवत. आता सरांनी खास तुकडीत घ्यायचं कबूल केलं होतं. त्यासाठी घराचे मूळ कागद गहाण ठेवून एका सावकाराकडून रक्कम उचलायची आणि ती सरांनीच फिरवायची. येत्या गुरुवारी सह्या होत्या. घर यजमानांच्या एकट्याच्या नावावर.

"तक्रार मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "मी इथे आले होते हे त्यांना कळलं, तर त्या घरात राहणं मला कठीण होईल. पण थांबवा हो कुणीतरी."

मी त्यांना आमच्या साहेबांपुढे नेलं. साहेब म्हणजे ठाण्याचे निरीक्षक. तिरकस बोलायचे, पण ऐकून पूर्ण घ्यायचे. त्यांनी अडचण सांगितली. कागद अजून दिलेले नाहीत, म्हणजे फसवणूक घडलेली नाही. आधीच्या तुकडीतले जे बुडाले असतील ते लाजेने पुढे येत नाहीत. बाई गेल्यावर त्यांनी ठाणे दैनंदिनीत एवढंच लिहवलं की खात्रीलायक बातमीदाराकडून बातमी मिळाली. बाईंचं नाव कुठेच आलं नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला बघून कुणी पोलीस म्हणेल का?"

अशी मी बनावट विद्यार्थिनी झाले. पतीच्या मागे मिळालेले पैसे कुठे लावावेत हे शोधणारी विधवा, एवढं सांगायचं होतं. त्यात खोटं फारसं नव्हतं. पहिले तीन दिवस मोफत होते.

सोमवारी गेले. ठाण्यापासून दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर एक खोली, वीसेक खुर्च्या, समोर मोठा पडदा, त्यावर भावाच्या लाल-हिरव्या कँडल, म्हणजे चढउतार दाखवणाऱ्या उभ्या पट्ट्या. दारातच एक मुलगी मोबाइल आणि मनगटावरची घड्याळं टोपलीत घ्यायची. सर म्हणायचे, घड्याळ बघणारा माणूस उतावीळ होतो आणि उतावीळ माणूस चुकीच्या जागी सौदा करतो. भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, तेवढं पुरे. सगळ्यांना ही शिस्त वाटे. मलाही वाटली.

सर चाळिशीचे, आवाज मऊ. भाव पडत होता. ते सांगत होते, पडणारा भाव थकतो तेव्हा खुणा देतो. नवा तळ गाठतो, पण सौद्यांची संख्या रोडावते. कँडलला खाली लांब शेपटी येते, म्हणजे भाव खाली जाऊन वर ओढला गेला. मग मागच्या छोट्या उंचीच्या वर गेला की वळला समजायचं, आणि पुट, म्हणजे भाव पडेल यावरचा सौदा, घेतलेल्याने बाहेर पडायचं. पण आपण त्याच्याही आधी ओळखायचं, असं म्हणून ते पाणी प्यायला आतल्या खोलीत गेले. त्यांना मधुमेह होता म्हणे, सारखी तहान लागायची. बाहेर आले, पडद्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आता वळेल."

आणि भाव वळला. तासाभरात तीनदा त्यांनी सांगितलं आणि तिन्ही वेळा तसंच झालं. माझ्या पुढच्या खुर्चीवर त्या बाईंचे यजमान होते. मागे वळून मला म्हणाले, "पाहिलंत ना ताई? याला म्हणतात अभ्यास."

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, माणूस खरा वाटतो की खोटा? मी म्हणाले, "साहेब, खरा आहे. डोळ्यांनी पाहिलं."

हे वाक्य मी पुढे अनेक वर्षं मनात ऐकलं आहे.

मंगळवारी साहेबांनी सरांना चौकशीला बोलावलं. मी स्वयंपाकाच्या खोलीत दार लावून बसले. चहासुद्धा दुसऱ्याच्या हाती पाठवला, कारण त्यांनी मला पाहिलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. दाराआडून ऐकू येत होतं. सर घाबरले नाहीत. मी शिकवतो, कुणाचा हात धरून सौदे करायला लावत नाही, म्हणाले. कागद मागवून कँडलच्या आकृत्या काढून दाखवल्या. दीड तासाने चौकशी संपली तेव्हा आमचे दोन शिपाई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि उद्या बाजार कसा राहील ते विचारून आले. साहेब म्हणाले, "छान. आता ठाण्यातच शाखा काढू." पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. दैनंदिनीत तूर्त तथ्य आढळत नाही असं लिहिलं गेलं. त्यामागे माझा शब्द होता. गुरुवार दोन दिवसांवर होता आणि त्या बाईंना काय सांगायचं हे मला सुचेना.

बुधवारी सकाळी ठाण्यात वेगळंच भांडण लागलं. आमच्याकडे तेव्हा पहाऱ्यावरच्या हवालदाराने दर तासाला घंटा वाजवायची जुनी पद्धत चालू होती. हवालदार लोणी काळभोरचे, घंटेच्या बाबतीत फार मानी. सोमवारी वर्गात बसले असताना एकची घंटा मला ऐकू आली, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला सात मिनिटं होती. परत आल्यावर मी त्यांना सहज म्हणाले होते की आज तुम्ही एक लवकर वाजवलात. ते त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. दोन दिवस धुमसून ते साहेबांपुढे उभे राहिले.

"साहेब, माझं घड्याळ रोज सकाळी रेडिओला लावलेलं हाय. वहिनींनी चारचौघांत मला खोटं पाडलं. आता तुम्हीच काय ते करा."

साहेब हसायला लागले. "वहिनी, कोणत्या घड्याळावरून म्हणालात?"

मी म्हणाले, वर्गातल्या.

"आणि तुमचं स्वतःचं?"

"ते टोपलीत होतं. सगळ्यांचीच काढून घेतात."

साहेबांचं हसू गेलं. "हे सोमवारी का नाही सांगितलंत?"

मी म्हणाले, "तुम्ही माणूस खरा की खोटा एवढंच विचारलंत."

साहेबांनी हवालदारांना स्वतःचा चहा दिला.

त्या दुपारी मी पुन्हा वर्गात गेले. काम एकच, घंटेकडे कान ठेवायचे. एकची घंटा पडली तेव्हा भिंतीवर बारा त्रेपन्न. सर त्याआधी दोनदा पाणी प्यायला आत गेले होते आणि दोन्ही वेळा बाहेर येऊन त्यांनी भावाचं वळण बरोबर सांगितलं होतं. आता त्या पाणी पिण्यामागचं कारण मला दिसत होतं. आतल्या खोलीत संगणकावर खरा बाजार चालू होता. पुढच्या पडद्यावर होता तो सात मिनिटांपूर्वीचा. ते उघडं पडू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ तेवढंच मागे लावलेलं आणि आमची घड्याळं टोपलीत.

गुरुवारचा छापा साहेबांनी घंटेवर बांधला. दोन पंच आणि पथक जिन्यात थांबणार. घंटा पडली की आत शिरायचं, म्हणजे भिंतीवरचं घड्याळ किती मागे आहे ते पंच स्वतः पाहतील. सह्या वर्ग संपल्यावर होतील असा अंदाज होता.

तो अंदाज चुकला. भिंतीवर बारा पस्तीस झाले असताना सर म्हणाले, आज मुहूर्ताचं काम आधी उरकून घेऊ. सावकाराचा माणूस आला. यजमानांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले घराचे कागद काढले. मी मनात सात मिनिटं मिळवली. बारा बेचाळीस. घंटेला अजून अठरा मिनिटं होती. बाहेर जाऊन पथकाला सांगावं तर दारात टोपलीवाली मुलगी, आणि आरडाओरडा झाला तर आतल्या खोलीतला संगणक बंद व्हायला कितीसा वेळ लागणार? यजमानांनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं.

मी उभी राहिले. माझ्या आयुष्यात चार माणसांत मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"सर, ती शेपटी मला परत सांगता का? मला नाही कळली."

खोलीत हसू आलं. सर म्हणाले, "मावशी, एवढं काम झालं की सांगतो."

"झाल्यावर मी विसरेन. आणि मला पैसे उद्याच भरायचे आहेत."

पैसे म्हटल्यावर ते पडद्याशेजारच्या फळ्याकडे वळले. यजमानही पेन खाली ठेवून कौतुकाने बघू लागले, कारण शेपटी हा त्यांचा आवडता भाग होता. सरांनी कँडल काढली. मी विचारलं, शेपटी वर आली तर? त्यांनी ती काढली. मी विचारलं, दोन्हीकडे आली तर? मी पुढच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली होती. सौदे कमी झाले हे कुठे दिसतं, भाव चढेल यावरचा कॉल कधी घ्यायचा, पुट कधी सोडायचा, जे सुचेल ते विचारत गेले. सावकाराचा माणूस म्हणाला, "ह्या बाईंना आधी शाळेत घाला." सरांनी खडू ठेवला आणि यजमानांनी पुन्हा पेन उचललं.

तेव्हा घंटा पडली.

साहेब आत आले. पंचांनी स्वतःचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ शेजारी शेजारी पाहून वेळ लिहून घेतली. आतल्या खोलीत संगणक चालू सापडला. त्यावरचा भाव पुढच्या पडद्यावर सात मिनिटांनी आला, तेही पंचांदेखत. सर मात्र म्हणत राहिले की पडद्यात बिघाड असेल, विद्या खरी आहे.

साहेबांनी त्यांना आतल्या संगणकासमोर बसवलं. "मग इथे सांगा. कुठे वळेल?"

भाव पडत होता. सौदे कमी झाले, लांब शेपटी आली, सगळ्या खुणा त्यांनी शिकवल्या तशाच. सर म्हणाले, इथे. भाव थोडा वर आला आणि आणखी खाली गेला. पुन्हा शेपटी आली. ते म्हणाले, आता नक्की. तो तळही मोडला. तिसऱ्यांदा त्यांनी पाणी मागितलं. त्यांच्या मागे उभे असलेले यजमान मात्र पुटपुटले, "सर, शेपटी आली आहे. आता थांबेल."

रात्रीच्या चौकशीत सरांनी सगळं कबूल केलं. सरकारतर्फे फिर्याद दाखल झाली. मग आधीच्या तुकडीतली माणसं एकेक करून जबाब द्यायला आली, बहुतेक जण मागच्या दाराने.

काही महिन्यांनी ते यजमान आणि त्या बाई मला मंडईत भेटले. यजमान थांबले. रागावलेलेच होते. बायकोला म्हणाले, "ह्याच त्या पोलिसातल्या. वर्गात वेड घेऊन बसल्या होत्या. कुणीतरी जळक्याने बातमी दिली म्हणून, नाहीतर आज आपण कुठे असतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कोण? मी नाही ओळखत," म्हणाल्या आणि पावट्याच्या शेंगा निवडायला लागल्या. मीही भाव विचारून पुढे गेले.

ह्या प्रकरणात साहेबांना मी खोटं काही सांगितलं नव्हतं. तीन वळणं मी खरंच पाहिली होती. पण पाहिलं तेवढं न सांगता मी त्यावर निकाल दिला, आणि त्या निकालामुळे एका बाईचं घर दोन दिवस अधांतरी राहिलं. त्यानंतर ठाण्यात कुणीही काही विचारलं तर आधी मी टोपलीसारख्या फालतू वाटणाऱ्या गोष्टी सांगायचे. शिपाई कंटाळायचे, साहेब लिहून घ्यायचे.