न वाजणारी चेन

महाल भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या त्या गृहस्थाची मोटारसायकल माझ्या गाडीपेक्षा जुनी, पण तिची चेन कधी वाजली नाही. माझी गल्लीच्या तोंडापासून खडखडत यायची. त्या आवाजावर बायको चहाचं आधण ठेवायची. मी इतवारीच्या बाजारातून महागडं ग्रीस आणून चेनवर जाड थापायचो आणि आठ दिवसांत त्यावर धुळीचा लगदा बसायचा.

तो विणकराच्या घरातला. सूत पारखावं तसा तेलाचा थेंब चिमटीत चोळायचा, बोटं हळूच विलग करायचा आणि मनाला आलं नाही तर दुकानदाराला बाटली परत करायचा.

"भाऊ, ग्रीस काहून लावून राहिले तुम्ही? धूळ धरते ना थे. गिअरचं तेल लावा, अन् मंग पुसून टाका."

लावलेलं पुसायचं म्हणे! त्याचा तो शांत आवाजच मला खुपायचा. मी मान डोलवायचो आणि ग्रीसच लावायचो.

एका रविवारी मी आंघोळीला गेलेलो असताना त्यानं न विचारता माझी चेन रॉकेलनं धुतली, तेल दिलं आणि चिंधीनं कोरडी केली. त्याचे आभार मानणं मला फार जड गेलं.

सोमवारी ऑफिसातून आलो, तर स्टोव्ह थंड होता.

"अगंबाई, तुम्ही होय?" बायको म्हणाली. "मले वाटलं, शेजारचे भाऊजी आले."

चहाची वाट न पाहता मी अंगणात गेलो आणि ग्रीसचा डबा उघडला.