बरणीतलं बुळबुळीत शेवाळ

आमचे हे समुद्री शेवाळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. काम काय, तर शेवाळाच्या पानावरून कापसाचा बोळा फिरवायचा आणि त्याला चिकटलेले जिवाणू काचेच्या बशीत वाढवायचे. उभा जन्म त्यात घातला. लोकांचे नवरे घरी येताना भाजी आणतात, आमचे ओल्या शेवाळाचा वास घेऊन यायचे. निवृत्त होताना ह्यांनी मागून काय घेतलं, तर एक बरणी. आत हिरवं, पातळ पानांचं शेवाळ. ज्या खडकावर ते वाढायचं, त्यावर आता बोटींचा धक्का बांधलाय. त्या खडकावरचं जे काही उरलं, ते आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत!

"अहो, किती बुळबुळीत आहे ते!" मी नाक मुरडायचे.

"असू दे गं. पानावर जिवाणूंची वस्ती असते, तिचाच तो थर. ती वस्ती नसेल तर याला पान धरताच येत नाही. नुसता गोळा होतो."

हे मला सांगितलं. सुनेला सांगायचं राहून गेलं.

सून नर्स. लहानपणापासून वसतिगृहात वाढलेली, माहेर म्हणावं असं कुणी नाही. गुणी पोर, पण लग्नाला वर्ष होत आलं तरी आमच्याकडे पाहुण्यासारखी वावरायची. फ्रिज उघडायचा तरी विचारणार. माझा जीव तुटायचा. हिला हे घर आपलं कधी वाटणार?

ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा बरणी तिच्याकडे सोपवली. चिकट थर पाहून तिला वाटलं, संसर्ग झालाय. मग काय विचारता! समुद्राचं पाणी उकळून गार केलं, मऊ ब्रशने पान न् पान घासलं, वर प्रतिजैविकाचे थेंब. बरणी, झाकण, हवेची नळी, सगळं लख्ख. जुनी पानं हळूहळू विरली. तळाशी रुजलेली नवी रोपं टाचणीच्या डोक्याएवढे गोळे होऊन बसली.

महिन्याभराने हे काठी टेकत स्वयंपाकघरात आले, भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. "कुणी धुतलं का हे?"

"मी," ती म्हणाली. "जखम साफ करतात ना, तसं..." सगळा प्रकार कळल्यावर जेवलीसुद्धा नाही.

मी ह्यांच्यावरच उखडले. "मला बोलून बोलून वात आणता, त्या पोरीला सांगायला तोंड शिवलं होतं का?"

"माझंच चुकलं," हे म्हणाले आणि काठी घेऊन सुनेला हाक मारली. "चल गं, किनाऱ्यावर जाऊ. दुसऱ्या खडकावर याच जातीचं मिळतं का बघू."

मिळालं. ह्यांनी तिला टेबलाशी बसवलं. "या पानावरून बोळा फिरव आणि बरणीतल्या नव्या पाण्यात बुडव, म्हणजे वस्ती परत येईल. माझे हात थरथरतात. आता रोज तूच बघायचं."

"आणि नाही जगलं तर?"

"तर दोघं मिळून वाईट वाटून घेऊ. तू एकटीने नाही."

तिने मान खाली घातली. बोळा मात्र नीट फिरवला.

त्यानंतर ती ड्यूटीवरून आली की आधी बरणीपाशी. चहा गार व्हायचा. मी कुरकुरायचे, पण मनातून मलाही धाकधूक. भिंगातून रोज तेच गोळे दिसायचे.

एके दिवशी मी खिडकी पुसत होते. साबणाचं फडकं बरणीपर्यंत पोचलं, तोच सून मागून कडाडली, "आई! हात लावू नका तिला! कितीदा सांगायचं, साबण तिकडे नेऊ नका म्हणून!"

मी दचकलेच. तिने पुढे होऊन बरणी छातीशी धरली. आत इवलीशी हिरवी पानं सुटली होती, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि चांगली बुळबुळीत. तिलाही ती तेव्हाच दिसली. मग आपण सासूवर ओरडलो हे लक्षात आलं आणि चेहरा पांढराफटक पडला.

"अगं वेडे," मी म्हटलं आणि बरणीसकट तिला जवळ घेतलं. "ओरड की. घर कुणाचं आहे?"