पंचशीलाची वाजणारी नाव

पंचशीलाचा डावा कान कोळारच्या औद्योगिक वसाहतीत बहिरा झाला. तिथल्या पत्रा दाबायच्या कारखान्यात ती अकरा वर्षं कामाला होती. मशीन तिच्या डाव्या हाताला, आणि कानात घालायला कुणी काही दिलं नव्हतं. पुढं वडील वारले, आई भागाबाई एकटी पडली, तेव्हा नोकरी सोडून ती औराद तालुक्यातल्या आपल्या गावी परतली. वडील माणिकराव तलावावरच्या मच्छीमार संघाचे सभासद होते. त्यांच्या जागी तिनं आपलं नाव लावून घेतलं. पाच महिने खेटे घालावे लागले. संघात ती एकटीच बाई.

बाकीचे सभासद थर्माकोलच्या तराफ्यावर नाहीतर ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकत. अर्धं अंग भिजवत बसायची पंचशीलाची तयारी नव्हती. दुसऱ्या एका तलावावर नौकाविहार बंद पडला होता. तिथली अॅल्युमिनियमची छोटी नाव तिनं विकत घेतली आणि टेम्पोत घालून आणली.

पहिल्याच दिवशी नाव अशी वाजली की बांधावर चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या. वल्हं फिरलं की करकर, साखळी सरकली की खळखळ, पाय उचलून ठेवला की सगळा पत्रा घुमायचा. पंचशीलाच्या कानाला ते कमी कळे, पण तळपायाला सगळं कळत होतं.

महिन्याच्या बैठकीत संघाचे अध्यक्ष आप्पाराव म्हणाले, "पंचशीला, तुझ्या डब्यापायी मासे पळायलेत. उद्यापासून ती नाव पाण्यात घालायची न्हाई. तसा ठराव केलाय."

"आवाज गेला तर?"

"पत्र्याचा आवाज कसा जाईल?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आन् गेला का न्हाई, हे बहिरीला कसं कळायचं?" दोघं-तिघं हसले.

पंचशीलानं उजवा कान तिकडं केला. "पुन्हा म्हण."

तो दुसऱ्याच्या पाठीमागं सरकला.

"पंधरा दिवस द्या," ती आप्पारावांना म्हणाली. "आवाज राहिला तर मीच नाव भंगारात घालते. गेला तर ठराव फाडायचा."

संघातले सगळ्यात जुने सभासद ग्यानबा म्हणाले, "द्या की. पंधरा दिसांत तळं आटत न्हाई."

तिनं नाव घरापुढं ओढून आणली. आईच्या हातात पळी दिली आणि म्हणाली, "माय, एकेक जागा ठोकत चल." भागाबाई ठोकत गेली, आणि पंचशीला पत्र्याला तळहात लावून बसली. जिथं थरथर जास्त, तिथं खडूनं फुली. दुपारपर्यंत एकवीस फुल्या झाल्या. बसायच्या फळीचे रिव्हेट ढिले होते. वल्ह्याचा दांडा लोखंडी कडीत घासत होता. तळाचा पत्रा तर ढोलकीच्या चामड्यासारखा ताणलेला.

"पत्रा आपल्या आपण वाजत न्हाई," ती आईला म्हणाली. "त्याला काहीतरी लागतं, मग वाजतो."

रिव्हेट तिनं ठोकून घट्ट केले. कडीत ट्रकच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. साखळी काढून नायलॉनचा दोर लावला आणि नांगराचा दगड पोत्यात शिवला. तळाला आधी गोणपाट अंथरलं. ते दोन दिवसांत भिजून जड झालं, कुजकट वास मारायला लागलं. तिनं ते काढून फेकलं. मग औरादच्या बाजारातून फोमच्या चटया आणल्या, पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशननं तळाला चिकटवल्या आणि वरून लाकडी फळ्या टाकल्या.

पंधराव्या दिवशी सकाळी सगळा संघ बांधावर जमला. ग्यानबांचे कान तिखट. मरळ मासा श्वास घ्यायला वर आला तरी त्यांना ऐकू यायचा. ते तलावाच्या मध्यावर तराफ्यावर पाठमोरे बसले. आवाज आला की त्यांनी हात वर करायचा, असं ठरलं.

पंचशीला काठावरून निघाली. दहा हातांवर असताना ग्यानबांचा हात वर गेला.

"झालं," आप्पाराव म्हणाले.

"काय ऐकू आलं, काका?" पंचशीलानं विचारलं.

"पत्रा न्हाई. म्होरून पाणी थापट्या मारायलंय."

"मग पुन्हा येते."

"एकदाच ठरलं हुतं," आप्पाराव काठावरून ओरडले.

"किती वेळा ते ठरलं न्हवतं," ती म्हणाली. मागच्या टोकाला ठेवलेला नांगराचा दगड तिनं उचलून पुढं ठेवला. नावेचं वर उचललेलं नाकाड पाण्यात बसलं. ती पुन्हा काठाला गेली आणि वळली. या वेळी ग्यानबांचा हात खालीच राहिला. तिनं वल्हं लांबवून त्यांच्या खांद्याला टेकवलं तेव्हा म्हातारा दचकला, पडता पडता राहिला.

"फाडा ठराव," काठाला लागल्यावर ग्यानबा म्हणाले.

आप्पारावांनी सगळ्यांदेखत कागद फाडला. मग म्हणाले, "पण बाईमाणसानं एकटीनं तलावाच्या भिंतीकडच्या खोल पाण्यात जायचं न्हाई. तू उथळ काठाला जाळं टाक."

सगळे मोठे मासे भिंतीकडं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आवाज म्हणलाव, आवाज घालवला," पंचशीला म्हणाली. "आता हे नवं काढायलाव. सभासद जिथं टाकतो तिथं मी टाकणार. अडवायचं तर पाण्यात येऊन अडवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीकडं गेली. आप्पारावांचा तराफा तिथंच होता. वीस हात सोडून तिनं जाळं सोडलं. आप्पाराव बघत राहिले. दुपारी तिच्या जाळ्यात तीन कटला मासे होते, आणि त्यातला एक उचलायला तिला गुडघा टेकावा लागला.

त्याला दोन वर्षं झाली. ती रोज भिंतीकडंच जाते. यंदा शेजारच्या गुरुबाईनं वारलेल्या नवऱ्याच्या जागी सभासद व्हायला अर्ज लिहिला. नेऊन द्यायला ती बिचकत होती. पंचशीला तिला घेऊन आप्पारावांच्या दारात गेली.

"ठेवून जा. बघतो," आप्पाराव म्हणाले.

"पोच द्या," असं म्हणून पंचशीला पायरीवर बसली आणि गुरुबाईलाही तिनं शेजारी बसवलं.