कॅमेऱ्याकडे बघायचं नाही

मीरा रोडजवळच्या नवघरच्या काकूंनी मला ठेवून घेतलं नसतं, तर अभिनयाच्या क्लासचा जिनाही मी चढले नसते. हे आधीच लिहिते, नाहीतर पुढच्या रागात राहून जाईल. काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या. घरी चपात्या लाटून आसपासच्या बिल्डिंगींमध्ये पोचवायच्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत मी राहायचे आणि सकाळी त्यांच्याबरोबर चपात्या लाटायचे.

मी गडचिरोलीची. नववीत शाळा सोडली आणि पूर्णवेळ झाडीपट्टीच्या नाटकातच राहिले. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात. मांडव माणसांनी भरलेला आणि स्टेजवर वरून लोंबणारे माइक. वाक्य आलं की माइकखाली यायचं, तोंड पब्लिककडे करायचं आणि शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा. सोबतच्या नटाकडे पाठ चालेल, पब्लिककडे नाही.

सीरियलमध्ये काम शोधत इकडे मीरा रोडला आले, तर पहिल्या ऑडिशनला नवऱ्याशी भांडणाचा सीन दिला. नवऱ्याची वाक्यं म्हणणारा मुलगा बाजूला उभा होता. मी त्याला सोडून सरळ कॅमेऱ्याकडे वळले आणि खणखणीत भांडले. कॅमेऱ्यामागचा माणूस हसायलाच लागला.

"मॅडम, नवरा इधर है. कॅमेऱ्याशी लग्न केलंय का?" मग म्हणाला, "ट्रेनिंग कहाँ से?"

"नाटकं करते. बरीच वर्षं."

"वो नहीं. ट्रेनिंग."

म्हणून क्लास. वर्षभराचा, रोज सकाळचा. आणि नेमका तेव्हाच गावाकडून नाटक कंपनीच्या मालकांचा फोन: या सीझनला येतेस की नाही सांग, नाहीतर तुझी भूमिका दुसरीला देतो. क्लास करून काम मिळालं नाही तर इथलंही गेलं, तिथलंही गेलं.

नया नगरमधल्या क्लासला एक दिवस फुकट बसू देत होते. सर म्हणाले, येतं ते करून दाखव. मी मेलेल्या मुलासमोरच्या आईचा प्रवेश केला. पोरांनी मोबाइल काढून शूटिंग केलं. सरांनी मध्येच थांबवलं. "देखो, यही भूलना है. इथे पाटी कोरी करून यायचं." चहाच्या सुट्टीत एका मुलीने माझी नक्कल केली, छाती पिटून. सगळे हसले, सरही. नंतर तीच पोरं मांजर होऊन फरशीवर रांगत होती. ते ट्रेनिंग! आणि आम्ही अख्खा मांडव रडवायचो, ती वाईट सवय!

घरी आले, काकूंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी सीझनला गावी चालले.

"जा की," काकू म्हणाल्या. "पण नाटक करायला चाललीस, की त्या मेल्या सराचं तोंड बघायला नको म्हणून?"

"माझ्या कामाला कचरा म्हटलं त्यांनी, काकू."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. निघून आले."

"नववीत पण अशीच निघून आलेलीस का गो?"

झोंबलं. नाटक करून मी वर्गात पेंगायचे, आणि गुरुजी सगळ्यांसमोर "या नटीबाई" म्हणायचे. एक दिवस दप्तर उचललं ते उचललंच. हे मीच काकूंना कधीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी मी काकूंवरही चिडले.

त्या मात्र कणीक मळत होत्या. "मला तुझ्या नाटकातलं काय कळत नाय. पण कॅमेरा असला की कुठे बघायचं ते तुला येत नाय, एवढं तर खरं? ते शीक. बाकीचं त्याचं त्याला ठेव."

"आणि सकाळच्या चपात्या?"

"तू नव्हतीस तेव्हा कोण लाटत होतं? तशाही तुझ्या चपात्या बघून लोक विचारतात, काकू, हा कोणावरचा राग?"

मी मालकांना नाही म्हटलं. "शहाणी झाली," म्हणून त्यांनी फोन ठेवला. क्लासमध्ये गेल्या गेल्या सरांना म्हटलं, मोबाइलमधलं माझं पुसायला सांगा, मगच बसते. सर खूश झाले. "इतना गुस्सा? अच्छा है, यूज करो." माझा राग, तोही त्यांना धड्यातच हवा!

नजर कुठे ठेवायची, आवाज किती लागतो, हे पहिल्या काही आठवड्यांतच आलं. खोटं कशाला बोलू, त्याचा उपयोग झाला. सीरियलमध्ये नर्स, शेजारीण अशी कामं मिळतात. उरलेलं वर्ष मात्र मी स्वतःची लाज बाळगायला शिकले. फोनवर इतकी हळू बोलायला लागले, की आई म्हणाली, "बिमार हायेस का माय?" आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना सर्टिफिकेट, मला नाही. का, तर बारावी लागते. वर्षभर शिकवताना हे कुणाला आठवलं नाही. क्लास करावा का, असं नव्या मुली विचारतात तेव्हा मी आधी चिडते आणि मग करा म्हणते.

त्या वर्षात काकूंचं मनगट सुजलं. पट्टी बांधून त्या एकट्याच लाटत राहिल्या, आणि मी लाटू का विचारलं की "क्लासला उशीर होतोय, पळ" म्हणायच्या. काकू, तोंडावर बोलले तर ओरडाल, म्हणून इथे लिहिते: एक दिवस ते लाटणं तुमच्या हातातून मी काढून घेईन. माझ्याच्याने नक्की होईल.