एका ओळीचा नकार

शाळांच्या ग्रंथालयांसाठी आम्ही काही जण एक सॉफ्टवेअर सांभाळतो. ओपन सोर्स आहे. कुणीही फुकट वापरावं, कुणीही दुरुस्त करावं. आलेली दुरुस्ती घ्यायची की परत पाठवायची, हे ठरवणाऱ्यांत मी एकटीच बाई. अमरावतीत घरी बसून बरीच वर्षं करते आहे. बोलणी खाल्ली, टिकले. बाकीच्या बाया टिकत नाहीत, कारण त्यांची कातडी पातळ, असं माझं मत होतं.

मग तेल्हाऱ्याच्या शाळेतली एक ग्रंथपाल आली. मुलं आठवीतून नववीत गेली, की त्यांच्याकडची पुस्तकं परत न करताच आमच्या यादीत परत आलेली दिसत. तिनं स्वतः शिकून ते सुधारायला घेतलं. एकदा अकोल्याच्या एसटी स्टँडवर भेटलो, तेव्हा म्हणाली, "मले वाटलं, तुमी माणूसच असान. इतकं तोडून कोणती बाई लिवते?" दोघी हसलो.

आठवड्याभरात तिची दुरुस्ती आली. नापास होऊन त्याच वर्गात राहिलेल्या मुलांचा विचार तिनं केला नव्हता. मी लिहिलं, 'चालणार नाही. पुन्हा करा.' पुरुषांना लिहिते तेच. सगळ्यांना दिसेल असं, त्याखाली आमच्यातल्या दोघांनी हसरे चेहरे टाकले. मी पाहिले आणि पुढच्या कामाला लागले.

सुधारलेली दुरुस्ती काही तिच्याकडून आली नाही. नंतर मी सविस्तर लिहिलं, बरोबर काय, राहिलं काय. उत्तर नाही. शेवटी एका शनिवारी बसनं तेल्हाऱ्याला गेले.

ग्रंथालयातल्या संगणकावर तिनं दाखवलं. सगळं झालं होतं, मी केलं असतं त्याहून नीट.

"मंग पाठव ना वं!"

"नाही ताई. ते हासले त्याचं काही नाही. तुमी पाहून राहिल्या होत्या."

"चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. "तुमीच टाका तुमच्या नावानं."

"तुझ्या कामावर माझं नाव नाही टाकणार."

"मंग राहू द्या." तिनं चहा मागवला.

ती दुरुस्ती अजून त्या एकाच शाळेत चालते. बाकी शाळांच्या तक्रारी माझ्याकडे येतात. दोन संध्याकाळी बसले तर मी स्वतः लिहून टाकेन. लिहीत नाही. एकदा लिहिलं, की तिच्यासाठी तिथं काही उरणार नाही. अधूनमधून तिला फोन लावते. ती उचलते, शाळेतल्या पोरांचं सांगते. त्या कामाचा विषय ती काढत नाही, आणि मला काढायचा धीर होत नाही.