बांधावरचं जांभूळ

दत्ताअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी यशवंतपूरच्या बाजारात कांदे निवडत होतो. "काका, अण्णा झोपेतच गेले," त्यांची मुलगी म्हणाली. विचित्र वाटेल, पण माझ्या मनात आधी हेच आलं, की रात्रभर पाऊस झालाय, आता बांध बघायला कोण जाणार?

आम्ही दोघं एकाच सरकारी कारखान्यातले. मी साताऱ्याहून आलेला, अण्णा पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, कानडी मुलखातले. होसकोट्यापलीकडे एका जुन्या तळ्याकाठी आम्ही सहकाऱ्यांनी छोटा क्लब काढला. बाकीचे नावेत बसायचे, गळ टाकायचे, भजी खायचे. अण्णांना मात्र पाणी अडवून धरणारा मातीचा म्हातारा बांध दिसायचा आणि त्याच्याखालची वस्ती. दर रविवारी ते चप्पल काढून बांधाच्या बाहेरच्या पायथ्याने अनवाणी चालायचे आणि मलाही चालायला लावायचे. "बुटातून ओल कळत नाही रे. स्वल्प चप्पल काढ." 'जरा'ला ते कानडीतलं 'स्वल्प'च म्हणायचे. काटे मला, शिकवण त्यांची! मी पुढे, ते मागे. पाझर लागला की मी वाकून पाणी बघायचो. गढूळ असेल तर आतली माती वाहून चालली असं समजायचं. स्वच्छ असलं की मी तसं सांगायचो, मागून "सरी", म्हणजे कानडीत 'ठीक', असं यायचं आणि आम्ही पुढे निघायचो.

बांधावर रोप दिसलं की ते उपटायचे. कुणी आईच्या आठवणीत तिथे कडुनिंब लावला, तोही त्यांनी मुळासकट काढून फाटकाजवळ लावला आणि स्वतः पाणी घालून जगवला. लोक त्यांना झाडांचा वैरी म्हणायचे. "झाड कधीतरी मरतं, मुळं कुजतात, पाण्याला आयती वाट मिळते," ते शांतपणे सांगायचे. ऐकायचं कुणी...

तेराव्यानंतरच्या रविवारी क्लबात सगळे जमले आणि अण्णांच्या स्मरणार्थ त्यांनी जांभळाचं रोप लावलं. कुठे, तर बांधाच्या अगदी मध्यावर! नावाची पाटीसुद्धा रोवली. मी सेक्रेटरींना बाजूला घेतलं, तर ते डोळे पुसत म्हणाले, "आज नको हो, लोकांच्या भावना आहेत." या प्रकारावर माझ्याबरोबर पोट धरून हसला असता असा एकच माणूस होता. त्या गर्दीत मला इतकं एकटं वाटलं की मी भजी न खाताच घरी आलो.

पुढच्या रविवारी एकटाच गेलो. जांभूळ पाटीसकट काढलं, कडुनिंबाशेजारी लावलं आणि बांधावरचा खड्डा माती भरून टाचेने घट्ट दाबला. सेक्रेटरी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. मग चप्पल काढून पायथ्याने निघालो. नेहमीच्या जागी तळपायाला गार लागलं. वाकून पाहिलं.

"अण्णा, स्वच्छ आहे," मी सवयीने म्हणालो.

मागून "सरी" आलं नाही, तेव्हा पुढे कसं निघायचं ते मला कळेना. बराच वेळ मी त्या ओलीतच उभा होतो.